स्वतःचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड बनवून विकायचाय? आधी ब्रेडबोर्डची भोकं मोजा

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये कोंबलेला छोटा कॉम्प्युटर: प्रोसेसर, थोडी मेमरी आणि बाहेरच्या वस्तूंशी बोलायला पिना. रिमोटमध्ये, खेळण्यात, वॉशिंग मशीनमध्ये हाच असतो. पण नुसती चिप हातात घेऊन शिकणाऱ्या माणसाला काही करता येत नाही, कारण ती फार बारीक असते. उदाहरण म्हणून आरपी२०४० घ्या, ७ मिमी बाय ७ मिमीचा चौकोन, चारी बाजूंना मिळून ५६ पॅड (सोल्डर लावायच्या तांब्याच्या चकत्या) आणि शेजारच्या दोन पॅडमधलं अंतर फक्त ०.४ मिमी. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सोल्डर न करता वायर आणि पार्ट खुपसून सर्किट जोडायच्या पाटीच्या, भोकांमधलं अंतर असतं २.५४ मिमी, म्हणजे सहापटीहून जास्त. आपण जो बोर्ड बनवतो त्याचं पहिलं काम एवढंच की ही ०.४ ची दुनिया २.५४ च्या दुनियेला जोडायची, चिपला स्वच्छ वीज द्यायची आणि प्रोग्राम आत टाकायला एक यूएसबी द्यायचं. बस.

ऐकायला सोपं आहे आणि स्वतःपुरता एक बोर्ड बनवणं आता खरंच फार अवघड राहिलेलं नाही. बोर्ड आखायचं केआयकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, बोर्ड छापून देणारे भरपूर आहेत. अडचण तेव्हा सुरू होते जेव्हा तो बोर्ड तुम्ही कधीच न भेटलेल्या माणसाच्या हातात जातो, तो पाकीट उघडतो, स्वतःची केबल लावतो, आणि त्याला एलईडी लुकलुकताना दिसायला हवा. त्याच्याकडची केबल कुठली, ब्रेडबोर्ड कुठला, त्याला काय येतं काय नाही, काहीच तुमच्या हातात नसतं. मी डिझाइनमधला प्रत्येक निर्णय याच माणसाकडे बघून घेतो आणि तुम्हीही तसंच करा असं मला मनापासून वाटतं, कारण हौशी लोकांचे बोर्ड मार खातात ते चिपमुळे नाही, असल्याच बारीकसारीक गोष्टींमुळे खातात.

सगळ्यात आधी रुंदी. ब्रेडबोर्ड नीट बघा. एका बाजूला पाच भोकं, मध्ये खाच, दुसऱ्या बाजूला पाच भोकं. एका बाजूची पाचही भोकं आतून एकाच पत्र्याने जोडलेली असतात, म्हणजे बोर्डची पिन एका भोकात गेली की उरलेली चार भोकं तुमच्या वायरसाठी. पण बोर्ड रुंद असला की तो ही उरलेली भोकं स्वतःच्या अंगाखाली झाकून टाकतो! खाचेच्या अल्याडपल्याडच्या दोन भोकांमधलं अंतर ७.६२ मिमी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा भोकांची रांग २७.९४ मिमी. आता पिनांच्या दोन रांगा १५.२४ मिमीवर ठेवल्या, जशा आर्डुइनो नॅनो या तयार बोर्डवर आहेत, तर एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन भोकं मोकळी राहतात. १७.७८ वर ठेवल्या, रास्पबेरी पाय पिकोसारख्या, तर दोन्हीकडे दोन-दोन. २२.८६ वर गेलात की दोन्हीकडे एकेक आणि २५.४ वर एका बाजूला एक अन् दुसरीकडे शून्य, मग लोक दोन ब्रेडबोर्ड शेजारीशेजारी लावून मध्ये बोर्ड बसवतात. वायफायसारखा रेडिओ असलेले काही लोकप्रिय बोर्ड असे रुंद आहेत आणि त्यांच्याबद्दलची तक्रार पहिल्यापासून हीच आहे.

म्हणून १५.२४ धरून चाला, चिप आणि बाकीचे पार्ट त्यात बसवायला घाम निघाला तरी चालेल. फारच झालं तर १७.७८. आणि ही मापं २.५४ च्या पटीत तंतोतंत हवीत, अंदाजे चालत नाही.

हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण माझ्या पहिल्या बोर्डला मी हेच चुकवलं होतं. केआयकॅडमध्ये ग्रिड मिलिमीटरवर होती, रांगा हाताने सरकवून ठेवल्या आणि अंतर भरलं बरोबर १६ मिमी. स्क्रीनवर छान दिसत होतं, डीआरसीनेही (सॉफ्टवेअरमधल्या आपोआप तपासणीनेही) एक शब्द काढला नाही, कारण डीआरसी तांब्याच्या रेषा एकमेकींना चिकटत नाहीत ना, भोकं फार जवळ नाहीत ना एवढंच तपासतं, समोरचा ब्रेडबोर्ड कसा आहे ते त्याला माहीतच नसतं. बोर्ड आले, पिना सोल्डर केल्या, आणि दाबून बसवताना पिना आतल्या बाजूला वाकल्या. पाऊण मिलिमीटरचा फरक. सगळे बोर्ड वाया. तेव्हापासून मी ऑर्डर द्यायच्या आधी डिझाइन कागदावर एकास एक प्रिंट करतो, कागद ब्रेडबोर्डवर ठेवतो आणि टोकाच्या चार पिना कागदातून आरपार भोकात घालून बघतो. पाच मिनिटांचं काम आहे.

पिनेच्या भोकाचंही तसंच. नेहमीच्या हेडरची, म्हणजे बोर्डला सोल्डर करायच्या पिनांच्या पट्टीची, पिन चौकोनी असते, ०.६४ मिमीची. म्हणून कोणी ०.७ चं भोक ठेवतं, पण चौकोन गोल भोकात त्याच्या कर्णावर बसतो आणि ०.६४ चा कर्ण होतो ०.९ च्या आसपास, म्हणजे भोक साधारण १ मिमीचं हवं. खूप मोठं केलं तर हेडर तिरकी बसते आणि सोल्डर करणारा वैतागतो.

पिनांची नावं छापताना एक गोष्ट फार लोक विसरतात. बोर्ड ब्रेडबोर्डवर बसला की त्याची खालची बाजू दिसत नाही. नावं फक्त खाली छापली असतील तर माणसाला दर वायरला बोर्ड उपटून बघावा लागतो किंवा मोबाइलवर पिनआउटचं (कुठली पिन कशाची ते दाखवणारं) चित्र उघडून मोजत बसावं लागतं, एक, दोन, तीन, चार, आणि मग एक पिन चुकते आणि ३.३ व्होल्टच्या जागी ५ व्होल्ट जातात. नावं वरच्या बाजूला, अक्षरं १ मिमी उंचीची तरी, आणि ग्राउंडच्या पिना लांबून ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या मागे पांढरा पट्टा. जागा नाही अशी सबब मीही स्वतःला दिलेली आहे, पण जागा काढायची असते, एखादा रेझिस्टर खाली न्या. हेडरचं काळं प्लास्टिक अडीच मिलिमीटर उंच असतं त्यामुळे बोर्डखाली तेवढी पोकळी मिळते, तिथे छोटे पार्ट आरामात मावतात, फक्त दोन्ही बाजूंनी पार्ट लावले की असेंब्लीचा खर्च वाढतो एवढं लक्षात ठेवा.

एकदा विकलेलं माप बदलता येत नाही हेही खरं. आर्डुइनो उनो बघा, त्याच्या ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधलं अंतर ४.०६ मिमी आहे, जे २.५४ च्या पटीत बसतच नाही. सुरुवातीच्या डिझाइनमध्ये ते तसं झालं, त्यावर बसणारी शील्ड, म्हणजे वरून लावायचे जोडबोर्ड, लोकांनी बनवली, आणि आता ते सुधारलं तर सगळ्या शील्ड निकामी होतील म्हणून ते तसंच चालत आलंय.

चिप कुठली घ्यायची यावर लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात, मला वाटतं तेवढी गरज नाही. जी तुम्हाला स्वतःला येते, जिची डेटाशीट (कंपनीची माहितीपुस्तिका) नीट आहे, जिच्यासाठी शिकणाऱ्याला तयार लायब्ररी (आयता लिहिलेला कोड) मिळतात ती घ्या. एटीमेगा३२८पी जुनी आहे, ३२ केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) आणि २ केबी रॅम, पण तिच्यावर उदाहरणांचा डोंगर आहे. आरपी२०४० मध्ये दोन कोर आणि २६४ केबी रॅम आहे, प्रोग्राम टाकायला तिला प्रोग्रामर नावाचं वेगळं यंत्र लागत नाही, बटण दाबून यूएसबी लावलं की पेनड्राइव्हसारखी दिसते आणि फाइल ओढून टाकली की झालं, मात्र तिच्यात फ्लॅश नाही, ती बाहेरून लावावी लागते. नव्या माणसासाठी ही फाइल ओढून टाकायची सोय मला फार मोलाची वाटते. आणि चिप मिळते का ते आधी बघा. २०२१ च्या सुमारास जगभर चिपांचा तुटवडा पडला तेव्हा काही मायक्रोकंट्रोलरसाठी वर्षभर थांबायला सांगत होते, आणि ज्यांचा अख्खा बोर्ड एकाच कंपनीच्या एकाच पार्टवर उभा होता ते अडकून पडले. मुख्य चिपला पर्याय नसतो, ठीक आहे, पण रेग्युलेटर (व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा पार्ट), फ्लॅश, यूएसबीचं कनेक्टर हे तरी असे निवडा की त्याच पॅडवर दुसऱ्या कंपनीचा पार्टही बसेल.

आता वीज. यूएसबीमधून ५ व्होल्ट येतात, आजकालच्या बहुतेक चिपांना ३.३ लागतात, मधला फरक रेग्युलेटर खातो आणि त्याची उष्णता करतो. किती ते साधं गणित आहे, ५ वजा ३.३ म्हणजे १.७ व्होल्ट, त्याला करंटने गुणा. ३०० मिलीअँप ओढले तर अर्धा वॅट. अर्धा वॅट ऐकायला काहीच नाही, पण तांदळाच्या दाण्याएवढ्या रेग्युलेटरला तो चटका देण्याइतका तापवतो, आणि जास्तच तापला की तो स्वतःला बंद करतो, बोर्ड रीसेट होतो, आणि बिचारा शिकणारा आपल्या प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. वायफायवाल्या ईएसपी३२ ला तर ५०० मिलीअँप देऊ शकेल असा सप्लाय हवा असं बनवणारेच सांगतात. रेग्युलेटर मोठा घ्या, त्याच्या पॅडखाली तांब्याचा भरपूर पसारा ठेवा, तोच त्याचा पंखा. आणि बॅटरीवर चालेल असं लिहिणार असाल तर ड्रॉपआउट, म्हणजे रेग्युलेटरला आत-बाहेर कमीत कमी किती व्होल्टचा फरक लागतो ते, बघा. १११७ नावाचा जो रेग्युलेटर सगळीकडे दिसतो त्याला आत-बाहेर एक व्होल्टच्या आसपास फरक लागतोच, म्हणजे ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलमधून तो ३.३ देऊच शकत नाही.

चिपच्या प्रत्येक पॉवर पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा एक कपॅसिटर, हे बहुतेक डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं. कारण असं की चिप आत लाखो वेळा चालू-बंद होत असते आणि तिला एकेका क्षणाला अचानक घोटभर वीज लागते, ती लांबच्या रेग्युलेटरकडून येईपर्यंत उशीर होतो, कपॅसिटर म्हणजे हाताशी भरून ठेवलेला पाण्याचा तांब्या. तो तांब्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून उपयोग नाही, पिनेला जवळजवळ चिकटून हवा.

यूएसबी सीबद्दल मात्र थोडं थांबून सांगतो, कारण इथे भलेभले घसरलेत. सी कनेक्टरमध्ये सीसी१ आणि सीसी२ नावाच्या दोन पिना असतात आणि त्या दोघींना स्वतंत्र ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लावून ग्राउंडला जोडायचा असतो. हे रेझिस्टर चार्जरला सांगतात की पलीकडे वीज घेणारं कोणीतरी आहे. ते नसतील तर काय होतं? जुन्या ए टू सी केबलने बोर्ड मस्त चालतो, कारण ए पोर्ट कोणालाही न विचारता ५ व्होल्ट देतो. तुमच्या टेबलावर तीच केबल असते, तुम्ही खूश. गिऱ्हाइकाकडे सी टू सी केबल असते, त्याचा चार्जर रेझिस्टर शोधतो, सापडत नाही, वीज सोडतच नाही, आणि तुम्हाला मेसेज येतो की बोर्ड मेलेला पाठवलाय. दोन्ही पिना जोडून एकच रेझिस्टर लावायची काटकसरही नको. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या आवृत्तीत नेमकं हेच होतं, त्यामुळे ज्या केबलमध्ये स्वतःची ओळख सांगणारी चिप असते अशा केबलने चार्जरला तो ऑडिओचा अडॅप्टर वाटायचा आणि तो वीज द्यायचा नाही, पुढच्या आवृत्तीत त्यांनी ते सुधारलं. दोन रेझिस्टर, जवळपास फुकट. लावा. आणि कनेक्टर बोर्डाच्या कडेला टेकलेलं किंवा किंचित बाहेर आलेलं हवं, आत सरकलं तर केबलचं जाड प्लास्टिक बोर्डाच्या कडेला अडतं आणि प्लग अर्धवटच शिरतो.

डिझाइन झालं की गर्बर फाइल (बोर्डाच्या एकेका थराचं चित्र), भोकांची फाइल, पार्टची यादी आणि कुठला पार्ट कुठे किती अंशात बसवायचा त्याची फाइल, एवढं कारखान्याला जातं. यातल्या शेवटच्या फाइलवर डोळ्यात तेल घालून बसा. तुमच्या सॉफ्टवेअरचा शून्य अंश आणि त्यांच्या मशीनचा शून्य अंश एकच असेल असं नाही, त्यामुळे रेझिस्टर उलटा बसला तर बिघडत नाही पण डायोड, एलईडी आणि खुद्द चिप ९० किंवा १८० अंशांत फिरून बसते. ऑर्डरच्या वेळी चित्र दाखवतात त्यात प्रत्येक चिपचा एक नंबरचा ठिपका बोट ठेवून तपासा. पहिल्यांदा पाचच बोर्ड मागवा, चुका निघणारच आहेत, त्या पाचात निघू देत.

पाचाचे शंभर झाले की तपासणी हेच मुख्य काम होऊन बसतं. हाताने एकेक बोर्ड तपासणं दहाव्या बोर्डापर्यंत जमतं, मग डोळे दगा देतात. त्यासाठी टेस्ट जिग बनवा, म्हणजे स्प्रिंगवाल्या पोगो पिना उभ्या केलेला एक साचा, बोर्ड त्यावर दाबला की सगळ्या पिनांना एकदम टेकतो. त्यात टाकायचा प्रोग्राम असा: सगळ्या पिना इनपुट करून आतले पुलडाउन (पिनेला शून्य व्होल्टवर धरून ठेवणारे रेझिस्टर) लावायचे, मग एकच पिन हाय करायची, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज सोडायचं, आणि बाकीच्या सगळ्या वाचायच्या. दुसरी कुठली पिन हाय दिसली तर त्या दोघींमध्ये सोल्डरचा पूल झालाय. ती पिन स्वतः जिगकडे पोहोचलीच नाही तर तिचा टाका उघडा राहिलाय. असं एकेका पिनेवरून पुढे जायचं, सोबत ३.३ व्होल्ट खरंच ३.३ आहेत का ते मोजायचं, आणि शेवटी लुकलुकणारा प्रोग्राम आत टाकूनच बोर्ड पाकिटात घालायचा, म्हणजे घेणाऱ्याने फक्त वीज दिली तरी त्याला कळतं की बोर्ड जिवंत आहे. माझ्या मते हा शेवटचा भाग कधीच गाळू नये.

विकताना आणखी दोन-तीन कागदी गोष्टी येतात. प्रत्येक यूएसबी वस्तूला कंपनीचा एक आणि वस्तूचा एक असे दोन नंबर लागतात. कंपनीचा नंबर यूएसबी संघटनेकडून घ्यायचा तर हजारो डॉलर लागतात, हौशी माणसाला ते परवडणारं नाही, पण पिड डॉट कोड्स नावाचा उपक्रम ओपन सोर्स प्रकल्पांना हेक्समधल्या (सोळाच्या आधारावरच्या आकड्यांतल्या) १२०९ या नंबराखाली फुकट नंबर देतो, आणि रास्पबेरी पाय आणि ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफसारखे चिपवालेही त्यांची चिप वापरणाऱ्यांना आपल्या नंबराखाली देतात. दुसऱ्याचा नंबर उचलून लावू नका, कॉम्प्युटर गोंधळतो आणि ते बरंही नाही. रेडिओ असलेला बोर्ड करायचा असेल तर नुसती चिप आणि स्वतः आखलेला अँटेना घेऊ नका, आधीच प्रमाणित झालेलं पत्र्याच्या टोपीचं तयार मॉड्यूल घ्या, रेडिओची चाचणी नव्याने करवून घेणं फार महाग पडतं. मॉड्यूल घेतलं म्हणून सगळे नियम संपतात असं नाही, जिथे विकणार तिथले नियम वाचावे लागतातच. आणि मॉड्यूलचा अँटेना बोर्डाच्या टोकाला, खाली तांबं नाही अशा जागी ठेवा, ब्रेडबोर्डच्या आतही पत्र्याच्या पट्ट्या असतात हे विसरू नका. नावाचंही बघा: आर्डुइनोचं डिझाइन खुलं आहे पण नाव त्यांचा ट्रेडमार्क आहे, त्याच्याशी जुळतो असं म्हणा, तोच आहे असं म्हणू नका.

किंमत ठरवताना सगळ्यांची एकच चूक होते, पार्ट आणि असेंब्लीचा खर्च धरतात आणि वर थोडे पैसे. समजा कुठल्याही चलनात तो खर्च १०० आला. त्यात शंभरातले चार-पाच बोर्ड तपासणीत पडणार त्यांचा खर्च धरा, हेडर, पाकीट, लेबल, टिंडीसारख्या, हौशी लोकांचे बोर्ड विकणाऱ्या साइटवर विकलं तर त्यांचं कमिशन, पैसे येण्याची फी, हरवलेलं पार्सल पुन्हा पाठवणं, आणि पुढची बॅच मागवायला हातात पैसा. मी २५० च्या खाली विकू नका असं सांगेन, आणि एखाद्या दुकानाने घाऊक मागितले तर त्यालाही त्याचा वाटा ठेवावा लागतो, त्यामुळे ३०० जास्त योग्य. स्वस्त विकून खप वाढेल असं वाटतं, पण मोठ्या कंपन्या लाखांनी बनवतात, त्यांच्याशी किमतीत आपण कधीच पुरे पडणार नाही. तुमचा बोर्ड घेणारा घेतो कारण तो इतरांपेक्षा अरुंद आहे, किंवा झोपेत फार कमी वीज खातो, किंवा त्यावर दुसऱ्या कोणी न दिलेली पिन बाहेर काढलीय, किंवा सरळ कारण की तुमचं लिखाण त्याला समजलं.

लिखाण म्हणजे पिनआउटचं एक स्वच्छ चित्र, सर्किटची पीडीएफ, आणि पहिलं उदाहरण चालवायच्या पायऱ्या, ज्या तुम्ही हे कधीच न केलेल्या एका माणसाला शेजारी बसवून, स्वतः तोंड न उघडता, करायला लावल्यात. तो जिथे थांबेल तिथे वाक्य बदला. मी असं पहिल्यांदा केलं तेव्हा समोरचा तिसऱ्याच ओळीवर अडला, कारण मी लिहिलं होतं बूट मोडमध्ये टाका, आणि कुठलं बटण आधी दाबायचं, कुठलं दाबून धरायचं ते लिहिलंच नव्हतं. मला ते इतकं सवयीचं झालं होतं की ती पायरी आहे हेच दिसत नव्हतं.

आणि बोर्डाच्या मागे आवृत्तीचा नंबर छापा, अगदी पहिल्या पाच बोर्डांवरही. दोन वर्षांनी कोणीतरी लिहितो की रीसेट बटण चालत नाही, तोवर तुम्ही तीन वेळा डिझाइन बदललेलं असतं, त्यातल्या एकात त्या बटणाचा पुलअप रेझिस्टर (पिनेला हाय धरून ठेवणारा) राहून गेलेला असतो, आणि तुम्हाला त्याला एवढंच विचारायचं असतं, की बोर्ड उलटा करून मागे काय लिहिलंय ते सांगता का.